डिंक न लावलेलं पाकीट

मी पोलिसात नव्हते, वकीलही नव्हते आणि कुणाच्या घरावर कधी छापा घातला नाही. तरी सरकारी माणसांच्या जमिनी, बायकांच्या नावचे प्लॉट आणि मेहुण्यांच्या नावचे बंगले यांच्या शेजारी माझी एकवीस वर्षं गेली. ते सगळं एका लोखंडी कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना लिपिक होते. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथली निम्मी माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला भाजी आणायला त्याच रस्त्यानं जावं लागतं. आस्थापनेचं टेबल म्हणजे नोकरदारांचा संसार. कोण रुजू झालं, कुणाची बदली झाली, कुणाची वेतनवाढ अडली, सगळं तिथंच. लोक मला 'खंदारे बाई' म्हणायचे, आणि काम अडलं असेल तर 'खंदारे म्याडम'.

या टेबलावरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे मत्तापत्रक. बाहेरच्यांना ते ठाऊक नसतं म्हणून सांगते. सरकारी नोकरानं दरवर्षी लिहून द्यायचं असतं की माझ्या आणि घरच्यांच्या नावावर अमुक घर आहे, अमुक शेत आहे, ते असं मिळालं आणि त्यातून इतकं उत्पन्न येतं. मध्येच काही घ्यायचं किंवा विकायचं झालं तर तेही कार्यालयाला आधी कळवायचं. यामागचा विचार साधा आहे. माणसाचा पगार सरकारला माहीत असतो. मालमत्ता कळली की दोन्हींचा मेळ बसतो की नाही ते बघता येतं. मेळ बसला नाही आणि सांगताही आलं नाही, तर तो गुन्हा.

हे पत्रक पाकिटात घालायचं, डिंकानं चिकटवायचं, वर 'गोपनीय' लिहायचं आणि माझ्याकडे द्यायचं. मी यादीत खूण करून ते कपाटात ठेवायची. पाकीट उघडायचं ते चौकशी लागली तरच. नाही लागली तर ते धनी निवृत्त होईपर्यंत कपाटात सुखानं झोपायचं. शिपाई वर्गाला मात्र हे पत्रक भरावं लागत नाही. एवढी गोष्ट ध्यानात असू द्या, कारण पुढं सगळं तिच्यापाशीच येऊन अडलं.

आता माझी फजिती आधी सांगते, म्हणजे दुसऱ्यांची सांगायला तोंड राहील.

एका वर्षी पत्रकाचा नवा फॉर्म आला. रकाने वाढले. लोक रोज टेबलापाशी गर्दी करायला लागले, "बाई, इथं काय लिहू? बाई, तिथं काय लिहू?" कंटाळून मी एक नमुना भरला आणि भिंतीवर लावला. नाव कुणाचंच नाही, पण मालमत्ता काहीतरी दाखवायला हवी म्हणून माझ्या वडिलांचं पेडगावचं घर लिहिलं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, दारात विहीर. मिळाल्याचा प्रकार, वडिलोपार्जित. गर्दी ओसरली. आठवड्यात सगळी पाकिटं जमा झाली. मी स्वतःवरच खूश होते.

दोन वर्षांनी कसल्याशा चौकशीत दहा-बारा जणांची पाकिटं उघडली गेली. चौकशी अधिकाऱ्यानं मला बोलावलं. त्याच्या समोर सहा पत्रकं पसरलेली होती.

"बाई, तुमच्या ऑफिसातले सहा कर्मचारी पेडगावला एकाच घरात राहतात का?"

सहा जणांनी माझा नमुना जसाच्या तसा उतरवला होता, पडवी आणि विहिरीसकट. त्यातला एक तर लातूरकडचा होता, त्यानं पेडगाव रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. मी त्याला विचारलं, "अहो, तुम्ही हे काय लिहिलंत?" तो म्हणाला, "बाई, सरकारी भिंतीवर लावलंय म्हणल्यावर मला वाटलं सगळ्यांनी तेच लिव्हायचं असतंय."

बाबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. ते निवृत्त शिक्षक, कॉपी पकडण्यात हयात गेलेली. म्हणाले, "माझ्या घराला सहा मालक? मग विहिरीतला गाळ तरी येऊन काढा म्हणावं."

मला वरून चांगलीच बोलणी बसली. त्याच दिवशी मी नमुना फाडला आणि जाड पेनानं एक कागद लिहिला, 'मत्तापत्रकाचा नमुना मिळणार नाही. खरे असेल ते लिहावे.' आमचे शिपाई मुंजाभाऊ खळ घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्या टेबलामागच्या भिंतीवर डकवला. चारही कोपरे तळहातानं दाबून म्हणाले, "आता भिंत पडली तरी कागद पडायचा न्हाई."

नमुना गेला तरी लोक काही कमी नव्हते. आमच्या जिल्ह्यात नोकरदार माणसाला स्वतःची मालमत्ता नसते, जे काय असतं ते सासऱ्यानं दिलेलं असतं. एका अभियंत्याच्या सासऱ्यानं म्हणे जावयाला तीन प्लॉट बक्षीस दिले होते. त्यातलं खरंखोटं मला कळलं ते फार मजेशीर रीतीनं. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्याकडे आले आणि निराधारांच्या पगाराचा फॉर्म मागायला लागले. मी म्हटलं, "बाबा, ते ऑफिस पलीकडं. इथं जावई-बिवई कुणी आहे का तुमचा?" त्यांनी अभिमानानं अभियंत्याचं नाव सांगितलं. नेमकी तेव्हा त्याची चौकशी चालू होती आणि चौकशी अधिकारी माझ्याच खोलीत चहा पीत बसलेले होते. त्यांनी कप खाली ठेवला, म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि फार प्रेमानं विचारलं, "बसा बाबा. तुमच्याकडं काहीच न्हाई म्हणता?"

"काई न्हाई साहेब. देवाशप्पथ."

तो सासरा अजून डोळ्यासमोर येतो आणि हसू आवरत नाही.

पण मला सांगायचं आहे ते मुंजाभाऊंचं.

मुंजाभाऊ मानवत तालुक्यातले. गावाकडं वीस गुंठे जमीन. अंगानं काटक, टोपी कायम तिरकी. सव्वीस वर्षं शिपाई. चाळिशी उलटल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग टायपिंगची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले. आम्ही त्यांना चिडवायचो की तुम्ही टाइप करता का ज्वारी कांडता? ते म्हणायचे, "बाई, अक्षर उमटल्याशी मतलब." आणि एका एप्रिलमध्ये त्यांची पदोन्नती आली, कनिष्ठ लिपिक. पूर्ण ऑफिसला पेढे वाटले. गयाबाई, त्यांच्या घरच्या, नवी साडी नेसून खास खुर्ची बघायला आल्या होत्या. मुंजाभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, पुरतं बसा की. आता कुणी उठवायचं न्हाई."

मी म्हटलं, "मुंजाभाऊ, आता तुम्ही आमच्यात आलात. हा घ्या फॉर्म. पुढच्या महिन्यात मत्तापत्रक द्यायचं."

फॉर्म हातात घेतला आणि माणसाचा चेहराच उतरला. मला वाटलं रकाने बघून घाबरले असतील.

मे महिना सरत आला. सगळ्यांची पाकिटं आली, मुंजाभाऊंचं येईना. मी आठवण केली की "देतो, देतो" म्हणायचे आणि फाईल घेऊन दुसऱ्या खोलीत पळायचे. मला टाळायला लागले. शेवटी एका दुपारी सगळे डबे खायला गेले असताना ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. लिपिक झाले होते, पण बसेनात.

"बाई, एक इचारायचं हाय. माझ्या नावावर साडेतीन एकर हाय. पर ती माझी न्हाई. लिहू का नको?"

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मोठे साहेब होते. नाव घेत नाही. शहरातले, मासे खाण्याचे भारी शौकीन. येलदरीच्या मासळीसाठी दर पंधरवड्याला त्यांचा दौरा धरणाकडं निघायचा. तिकडची एक जमीन त्यांच्या मनात भरली. पण आपल्याकडं जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, आणि साहेबांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता. शिवाय पगाराच्या मानानं ती खरेदी सांगताही आली नसती. मुंजाभाऊ मात्र वीस गुंठ्यांचे का होईना, शेतकरी. साहेबांनी त्यांना जीपमध्ये घालून जिंतूरला नेलं, म्हणाले, "मुंजा, एक सही करायची." केली. फोटो निघाला, अंगठा उठला. येताना साहेबांनी धाब्यावर तळलेले मासे खाऊ घातले.

"तुम्ही विचारलं नाही कशाची सही?" मी म्हटलं.

"शिपायानं इचारायचं असतंय का, बाई? आन् त्या साहेबानंच माझ्या पोरीचं ऑपरेशन करून आणलं होतं. त्याच्या गाडीत घालून औरंगाबादला नेली पोरगी. त्यानं इहिरीत उडी मार म्हणलं असतं तर मारली असती."

साहेबांची बदली झाली. जमीन एक बटाईदार कसत होता, माल साहेबांच्या माणसाकडं जायचा. मुंजाभाऊंना दर वर्षी एक पोतं ज्वारी पोचायची. अकरा पोती खाल्ली होती. सातबाऱ्यावर नाव त्यांचं. शिपाई होते तोवर कुणी विचारलं नाही, आणि त्यांना कुणाला सांगावंही लागलं नाही. बढती झाली आणि माझ्या फॉर्मनं विचारलं.

आमच्या खोलीत शेखभाई नावाचे वरिष्ठ लिपिक बसायचे. डबा खाताखाता त्यांनी सगळं ऐकलं होतं. कायद्याची पुस्तकं वाचणं हा त्यांचा छंद, आम्ही त्यांना 'हायकोर्ट' म्हणायचो. ते हात धुऊन आले आणि मुंजाभाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मुबारक हो मुंजाभाई! पैसा एक का, नाम दुसरे का, इसको बेनामी बोलते. और कायदा बोलता, असली मालक कोर्ट में जाके 'मेरी जमीन' बोलकेच नै सकता. साहेब कू मांगने का हकच नै!"

मुंजाभाऊ म्हणाले, "म्हंजी माझी झाली?"

"नै नै. सरकार जप्त कर सकती."

"मग मी सुटलो?"

"वो बी नै. नाम दिया वो आदमी बी अंदर जा सकता."

मुंजाभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "शेखभाई, मुबारक कशाचं म्हणलाव तुमी मग?"

आम्ही तिघं हसलो, पण मुंजाभाऊंचं हसू ओठांवरच राहिलं. निवृत्तीला पाच वर्षं होती. लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, शिपायानं साडेतीन एकर घेतली कशी? बढती जाईल, कदाचित नोकरी जाईल, पेन्शन अडकेल. नाही लिहिलं तर खोटं पत्रक दिल्याचा दोष. आमचे अधीक्षक गिरीसाहेब भला माणूस, पण त्यांचं सगळं लक्ष आपण सुखरूप निवृत्त होण्याकडं. त्यांनी सुपारी कातरत सल्ला दिला, "निरंक लिही रे बाबा. कपाट उघडतंय कोण?" निरंक म्हणजे सरकारी भाषेत काहीच नाही. आमच्या कपाटातली निम्मी पाकिटं निरंक असतील.

आता माझं सांगते, आणि हे सांगायला मला अजून जड जातं. मुंजाभाऊ माझ्याकडं बघत होते. माझ्या डोक्यात त्यांची तिरकी टोपी होती, नवी साडी नेसलेल्या गयाबाई होत्या, 'पुरतं बसा की' होतं. मी म्हटलं, "निरंक लिहा, मुंजाभाऊ. पाच वर्षांचा प्रश्न आहे. मी पाकीट कपाटात ठेवून देते."

त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघितलं आणि दहावी पास माणसाच्या ठसक्यात एकेक शब्द वाचला, "मत्तापत्रकाचा. नमुना. मिळणार नाही. खरे असेल. ते लिहावे." मग म्हणाले, "बाई, हा कागद तुमी लिव्हला आन् मी डकवला. लेखनिक झाल्यावर सरकारला मी देणार तो हा पहिलाच कागद. पहिलाच खोटा देऊ का?"

मला इतकी लाज वाटली की मी उगीचच ड्रॉवर उघडून बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट आणून दिलं. आत फॉर्म होता, कष्टानं लिहिलेला. वीस गुंठ्यांच्या खाली दुसरी ओळ होती. मालमत्ता: येलदरीच्या अंगाला साडेतीन एकर. कोणाच्या नावे: माझ्या. कशी मिळाली: साहेबांनी सही करायला सांगितली म्हणून. वार्षिक उत्पन्न: ज्वारी एक पोते.

इतकी वर्षं मत्तापत्रकं सांभाळली, पण एवढं खरं मी एका फॉर्मवर कधी वाचलं नव्हतं.

मी सवयीनं डिंकाची बाटली पुढं ओढली. मुंजाभाऊंनी बाटलीवर हात ठेवला. "इतकी वर्षं सगळ्यांची पाकिटं मीच चिकटवलीत, बाई. चिकटवलेलं पाकीट झोपतंय, मला ठावं हाय. माझं उघडंच ऱ्हाऊ द्या."

याचा अर्थ फक्त ऑफिसातल्या माणसालाच कळेल, म्हणून फोड करते. चिकटवलेलं पाकीट गोपनीय; ते न उघडता कपाटात जातं. उघडा कागद मात्र टपाल असतो. टपालाला आवक क्रमांक पडतो, आवक पडली की टिपणी लिहावी लागते आणि टिपणी लिहिली की ती वर न्यावीच लागते. सव्वीस वर्षं टपाल वाहिलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी आवकचा शिक्का उचलला. शाईवर उगीचच दोन-तीनदा दाबला. मग ठप्पा मारला.

गिरीसाहेबांनी टिपणी वाचली आणि सुपारी गिळली. "बाई, हे काय करून बसलात? चिकटवायचं होतं ना!" मी म्हटलं, "साहेब, डिंक संपला होता." नोकरीतलं ते माझं एकमेव खोटं, असं तेव्हा मला वाटत होतं.

बातमी साहेबांपर्यंत पोचायला चार दिवसही लागले नाहीत. ते तोवर दुसऱ्या जिल्ह्यात आणखी मोठे झाले होते. स्वतः आले. मुंजाभाऊंच्या टेबलापाशी उभे राहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "मुंजा, अरे वेडा का तू? झालं ते झालं. माझ्या मेहुण्याची गावाकडं शेती आहे. त्याच्या नावे खरेदीखत करून टाकू. उद्याच जिंतूरला जाऊ, तुझ्या डोक्याचा ताप जाईल."

मुंजाभाऊ उठून उभे राहिले होते; सवय जात नाही. स्वतः जाऊन चहा घेऊन आले. साहेबांपुढं कप ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं मीठ खाल्लंय, तुमच्या ज्वारीचं पीठ खाल्लंय. पर आता मी क्लार्क झालो. जमीन इकायची तर आधी हापिसाला कळवावं लागतंय. फॉर्म बाईकडं हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, साहेबाला फॉर्म दाखवा."

मी दाखवला. साहेबांनी तो रकान्यारकान्यानं वाचला. खरेदीदार कोण, त्याच्याशी नातं काय, मोबदला किती, जमीन मुळात कशी मिळाली. चहा तसाच टाकून गेले. शेखभाई म्हणाले, "देखो, इत्ता सा फॉर्म, और इत्ता बडा साहेब." मुंजाभाऊंनी मात्र तो गार झालेला कप उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "पोरगी जिती हाय ती त्याच्यामुळं."

पुढचं सगळं गमतीचं नाही. चौकशी सुरू झाली आणि रिवाजाप्रमाणं ती आधी लहान माणसावर बसली. मुंजाभाऊंची बढती रोखली. खुर्चीवरून उठवून त्यांना परत शिपायाच्या कामावर लावलं. चौदा महिने. ज्या लोकांना पेढे वाटले त्यांनाच त्यांनी चहा नेऊन दिला. काही जण तोंडावर म्हणाले, "कशाला शहाणपणा केला?" मी त्यांच्या हातून चहा घेणं सोडलं, स्वतः उठून आणायची. एक दिवस ते रागावले. "बाई, असं नका करू. चहा आणायची लाज न्हाई मला. तुमी तोंड लपवलं की लाज वाटती."

गयाबाई एकदा मला बाजारात भेटल्या. मला वाटलं आता चार शब्द ऐकवतील. त्या म्हणाल्या, "घरात औंदा पहिल्यांदा ज्वारी इकत आणली बाई. पोतं आलं न्हाई ना." आणि मग हसल्या. "पर ह्यांना झोप लय गाढ लागायलीय. घोरत्यात मेले."

मग चौकशीवाल्यांनी साहेबांची जुनी पाकिटं मागवली. ते आमच्याकडे होते तेव्हाची, मी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवलेली. मी किल्ली फिरवली, पाकिटं काढली, माझ्यासमोर ती उघडली. निरंक, निरंक, निरंक. मुंजाभाऊंचं उघडं पाकीट शेजारी ठेवलं, बटाईदाराचा जबाब झाला, पैसे कुठून गेले ते निघालं. साडेतीन एकरांवर जप्ती आली. आणखीही दोन-तीन ठिकाणच्या मालमत्ता निघाल्या. खटला चालू आहे, म्हणून याच्यावर जास्त लिहीत नाही. मुंजाभाऊंनी आपण होऊन खरं सांगितलं म्हणून ते आरोपी न होता साक्षीदार झाले. सेवापुस्तकात एक ताकीद मात्र पडली, की यापुढं कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नये. ताकिदीच्या प्रतीवर सही घ्यायला मी गेले तर त्यांनी ती दोनदा वाचली आणि मग सही केली. "ताकीदच हाय तशी," म्हणाले.

बढती परत मिळाली. या वेळी पेढे नव्हते. "पेढे एकदाच असतेत," म्हणाले. त्यांना माझ्याच हाताखाली आस्थापनेला दिलं, कारण माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि कपाटाची किल्ली कुणाकडं तरी द्यायची होती.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच उन्हाळ्यात पेडगावहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, विहिरीवर जाळी टाकायची म्हणतो. ग्रामपंचायतीत तुझी बी सही लागती."

"माझी कशाला?"

"घर दोघांच्या नावावर हाय की. बाबा गेले तवाच वारस लावले. तूच सही केली होती."

केली होती. बाबा गेल्यावर दहाव्या दिवशी भाऊ कागद घेऊन आला होता आणि मी न वाचता सही केली होती. त्याला सहा वर्षं झाली होती. आणि त्या सहाही वर्षांत मी माझं मत्तापत्रक भरलं होतं. 'मागील वर्षाप्रमाणे निरंक.' चिकटवून, गोपनीय लिहून, स्वतःच्या हातानं कपाटात. ज्या घराला सहा जणांनी आपलं म्हटलं होतं, ते घर जिचं होतं तिनं कधी लिहिलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, जुन्या दोन खोल्यांचा अर्धा हिस्सा, त्यात कसला भ्रष्टाचार? नाहीच. मीही स्वतःला हेच सांगितलं. वर्ष काढायचं होतं, पेन्शनचे कागद निघायचे होते, यात ताकीद लागली तर एकवीस वर्षांच्या टेबलावर डाग. गिरीसाहेब एव्हाना सुखरूप निवृत्त झाले होते; असते तर म्हणाले असते, कपाट उघडतंय कोण? पण आता किल्ली मुंजाभाऊंच्या खिशात असायची आणि ते रोज सकाळी माझ्याआधी येऊन माझी खुर्ची पुसून ठेवायचे. मला त्या खुर्चीवर नीट बसवेना.

मे महिन्यात मी फॉर्म भरला. घर, पेडगाव, दोन खोल्या, पत्र्याची पडवी, दारात विहीर. अर्धा हिस्सा, वारसानं. सहा वर्षांपासून. पाकिटात घातला आणि डिंक न लावता मुंजाभाऊंपुढं ठेवला.

त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. "बाई, हे उघडंय."

"माहीत आहे."

त्यांनी कागद काढून वाचला. विहिरीपाशी आले तेव्हा मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती विहीर ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. माझ्या तोंडावरून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी आवकचा शिक्का घेतला, शाईवर एकदाच दाबला आणि ठप्पा मारला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टाइप केलेलं एक पत्र माझ्यापुढं ठेवलं. बरोबर चहाचा कप. श्रीमती खंदारे, वरिष्ठ लिपिक, यांनी सहा वर्षांच्या मत्तापत्रकांत स्थावर मालमत्ता नमूद केलेली नाही, तरी याबाबतचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. एकही चूक नव्हती. अक्षरं चांगली ठळक उमटली होती.

"वाचून सही करा," ते म्हणाले.

मी दोनदा वाचलं आणि पोच दिली. मग कोरा कागद घेऊन बसले. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडून खुलासे मागवले होते; स्वतः द्यायची वेळ आली तर पहिली ओळ सुचेना. विसरले म्हणू, की लक्षात आलं नाही म्हणू, की बाबा गेल्याच्या दुःखात होते म्हणू? सगळंच थोडं थोडं खरं होतं आणि कुठलंच पुरतं खरं नव्हतं. चहा गार व्हायला लागला.

शेवटी म्हटलं, "मुंजाभाऊ, खुलाशाचा एखादा नमुना आहे का हो?"

ते खुर्चीवर पुरते मागं टेकून बसले होते. त्यांनी पेन उचललं आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं दाखवलं. कागदाचे चारही कोपरे अजून चिकटलेले होते.